हरित उत्प्रेरक आणि जिवाणूंच्या पद्धती : ॲक्रिलअमाइडच्या निमित्ताने

मंद_आच (धागाकर्ता)

रासायनिक अभियांत्रिकीतील संशोधनाविषयी मराठीत लिहिताना बहुतेक लेखांत धातूचा उत्प्रेरक एका बाजूला आणि जिवाणू दुसऱ्या बाजूला अशी मांडणी असते, आणि निकाल आधीच जिवाणूच्या बाजूने लागलेला असतो. मी हा विषय शिकवतो, आणि प्रकल्पाची कल्पना घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यातही हेच गृहीतक ऐकू येते. माझे म्हणणे असे, की प्रक्रिया हरित आहे की नाही हे रिॲक्टरच्या आत कोण काम करते यावर फार थोडे ठरते. रिॲक्टरमधून काय बाहेर पडते, किती तीव्रतेचे (म्हणजे द्रावणात मालाचे प्रमाण किती) पडते आणि ते वेगळे करायला किती वाफ, किती क्षार आणि किती पाणी खर्ची पडते, यावर ते अधिक ठरते. हे म्हणणे एका जुन्या आणि यशस्वी उदाहरणावर घासून पाहावे म्हणून हा धागा काढत आहे.

उदाहरण ॲक्रिलअमाइडचे आहे. त्यापासून बनणारे पॉलिॲक्रिलअमाइड सांडपाण्यातील गाळ खाली बसवण्यासाठी, कागद कारखान्यांत आणि तेलविहिरींतून जास्तीचे तेल काढण्यासाठी वापरतात; औद्योगिक वसाहतीतल्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रावर) ‘पॉली’ म्हणून जे सोडतात ते बहुधा याच कुळातले असते. ॲक्रिलोनायट्राइलला पाण्याचा एक रेणू जोडला की ॲक्रिलअमाइड मिळते. दोन्ही अभिकारकांतील प्रत्येक अणू उत्पादनात जातो, म्हणजे कागदावर ही अभिक्रिया निर्दोष आहे. तरीही उद्योगाने ती तीन वेगवेगळ्या मार्गांनी केली, आणि तिन्ही मार्गांचा कचरा वेगळा होता.

पहिला मार्ग सल्फ्युरिक आम्लाचा होता. त्यात ॲक्रिलअमाइडचे सल्फेट तयार होई आणि ते मोकळे करण्यासाठी अल्कली घालावी लागे, त्यामुळे मालाबरोबर सल्फेट क्षारांचा ढीगही तयार होई. १९७० च्या दशकात रेनी प्रकारच्या, म्हणजे स्पंजासारख्या सच्छिद्र, तांब्याचा उत्प्रेरक आला आणि हे क्षार गेले. पण ही अभिक्रिया साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास चालवावी लागते, ती पूर्ण होत नाही, उरलेले ॲक्रिलोनायट्राइल ऊर्ध्वपातनाने काढून परत फिरवावे लागते आणि द्रावणात उतरलेले तांबे आयन-विनिमय रेझिनने काढावे लागते. उष्णतेमुळे माल रिॲक्टरमध्येच बहुवारिक होऊन (रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या होऊन) बसण्याची धास्ती असते ती वेगळीच.

तिसरा मार्ग जपानमध्ये तयार झाला. क्योतो विद्यापीठातील हिदेआकी यामादा यांच्या गटाने नायट्राइल पचवणाऱ्या जिवाणूंचा शोध घेतला आणि नित्तो केमिकल या कंपनीने १९८५ मध्ये ऱ्होडोकॉकसच्या एन-७७४ या वाणावर औद्योगिक उत्पादन सुरू केले. १९८८ मध्ये त्याची जागा स्यूडोमोनास क्लोरोरॅफिस बी-२३ ने घेतली आणि १९९१ मध्ये ऱ्होडोकॉकस ऱ्होडोक्रस जे-१ ने. यांच्यातील एन्झाइमचे नाव नायट्राइल हायड्रेटेज. जे-१ ला वाढताना युरिया आणि कोबाल्ट दिले, तर त्याच्या पेशीतील विद्राव्य प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मे या एकाच एन्झाइमचे असते. अभिक्रिया १० अंशांच्या खाली चालते, ॲक्रिलोनायट्राइल जवळजवळ संपूर्ण वापरले जाते आणि ॲक्रिलअमाइडपासून पुढे ॲक्रिलिक आम्ल बनण्याचा नकोसा टप्पा नगण्य राहतो.

आता माझा मुद्दा. आधीच्या दोन वाणांच्या एन्झाइमच्या केंद्रस्थानी लोह आहे आणि जे-१ च्या एन्झाइममध्ये कोबाल्ट. म्हणजे धातूची हकालपट्टी झालेलीच नाही; धातू प्रथिनाच्या घडीत अडकून राहतो, द्रावणात उतरत नाही आणि अतिशय थोडा लागतो, एवढाच फरक आहे. मग ही पद्धत तांब्यावर कशामुळे मात करू शकली? माझ्या मते चार गोष्टी जुळून आल्या. या एन्झाइमला एनएडीएचसारखा महागडा सहघटक (जिवंत पेशीत सतत नव्याने बनणारा मदतनीस रेणू) लागत नाही, त्यामुळे जिवंत चयापचय चालू ठेवण्याची गरज पडत नाही. रूपांतर पूर्ण होते, त्यामुळे ऊर्ध्वपातन गेले. माल पाण्यातील द्रावण म्हणूनच विकला जातो, त्यामुळे पाण्यातून काढण्याचा प्रश्नच नव्हता. आणि वाण बदलत गेले तशी अंतिम तीव्रता २० टक्क्यांच्या आसपासवरून २७ आणि मग ४० टक्क्यांच्या पुढे, अखेरीस ५० टक्क्यांपर्यंत गेली.

यातली एकही गोष्ट ‘जिवाणू निसर्गातून येतात’ या कारणाने घडलेली नाही. सभासदांनी आपापल्या कामातील अनुभव आणि आकडे मांडावेत, विशेषतः विरोधातले.

---

लोटेकर

धागा आवडला. मी कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत उत्पादन विभागात आहे, त्यामुळे माझी बाजू प्लँटची आहे.

पहिली शंका थंडाव्याची. १०० अंशांवर चालणाऱ्या अभिक्रियेची उष्णता कूलिंग टॉवरचे पाणी सहज काढून नेते. १० अंशांच्या खाली चालणाऱ्या अभिक्रियेसाठी आमच्याकडे मे महिन्यात टॉवरच्या पाण्याचा काहीच उपयोग नाही. चिलर (शीतयंत्र) आणि ब्राइन (थंड केलेले खारे पाणी) लागणार, आणि विजेचे बिल येणार. ‘सौम्य तापमान’ हा शब्द शोधनिबंधात छान दिसतो, पण सौम्य म्हणजे कोणाच्या हवामानात, हे कोणी विचारत नाही. जपानच्या हिवाळ्यातला हिशेब लोटे किंवा महाडला लागू होईलच असे नाही.

दुसरे म्हणजे, आमच्या धंद्यात मी पाहिलेला सर्वांत मोठा हरित बदल जिवाणूंचा नव्हता. नायट्रो संयुगाचे अमाइन करायला पूर्वी सर्रास लोखंडाचा चुरा वापरत. समीकरण मांडून पाहा : एक टन ॲनिलिन (असेच एक अमाइन) करायला सुमारे १.३५ टन लोखंड लागते आणि १.९ टनांच्या आसपास काळे लोह ऑक्साइड निघते, तेही कोरडे आणि तात्त्विक धरून. प्रत्यक्षात ओला, सेंद्रिय पदार्थ चिकटलेला स्लज याहून जास्त भरतो. त्याऐवजी रेनी निकेल किंवा कार्बनवरचे पॅलेडियम वापरून हायड्रोजन दिला, की उपउत्पादन फक्त पाणी. प्रेशर रिॲक्टर आणि हायड्रोजनची सुरक्षा यांचा खर्च आहे, पण फिल्टर प्रेसजवळचा तो काळा डोंगर नाहीसा होतो. रंग बनवण्यासाठी लागणाऱ्या मधल्या रसायनांच्या कारखान्यांत हा बदल झाला तेव्हा त्याला कोणी ‘हरित’ म्हटले नाही, स्लज टाकायला जागा उरली नाही म्हणून तो झाला.

एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. जर्मनीत बायरने लाउक्स प्रक्रियेत हेच लोह ऑक्साइड रंगद्रव्य म्हणून विकण्याजोगे बनवले, म्हणजे तिथे ॲनिलिन आणि रंगद्रव्य असे दोन माल एकाच रिॲक्टरमधून निघू लागले. कचरा कशाला म्हणायचे हे बाजारही ठरवतो.

---

मंद_आच

लोटेकर, थंडाव्याचा आक्षेप योग्य आहे आणि तो आकड्यांत बसवून पाहता येतो.

ॲक्रिलोनायट्राइलच्या जलयोजनात (त्याला पाणी जोडताना) मोलमागे सुमारे ७० किलोजूल उष्णता बाहेर पडते. एक टन ॲक्रिलअमाइड म्हणजे साधारण १४ किलोमोल, म्हणजे टनामागे जवळजवळ १,००० मेगाजूल किंवा २७५ किलोवॅट-तास उष्णता. चिलरचा सीओपी (एक युनिट विजेमागे किती युनिट उष्णता काढली जाते तो आकडा) ४ धरला तर ती काढायला सुमारे ७० युनिट वीज लागेल. कोकणातला मे महिना धरून सीओपी ३ केला तरी ९० ते ९५ युनिट. हा खर्च आहेच, पण मालाच्या किमतीपुढे तो फार मोठा नाही.

त्याच्या शेजारी तीव्रतेचा हिशेब ठेवा. द्रावण ५० टक्क्यांचे करून विकायचे आहे असे धरू. रिॲक्टरमधून ते २० टक्क्यांचे निघाले, तर एक टन ॲक्रिलअमाइडमागे चार टन पाणी आहे आणि त्यातले तीन टन उडवायचे आहे. एकाच टप्प्याच्या बाष्पीभवकात त्याला सुमारे ६,८०० मेगाजूल वाफ लागेल. बहुटप्पी बाष्पीभवक वापरून हा आकडा तिसऱ्या हिश्शावर आणता येतो, तरीही तो थंडाव्याच्या उष्णतेच्या दुपटीहून जास्त राहतो, आणि गरम करताना बहुवारिकीभवनाची धास्ती परत येते. द्रावण थेट ५० टक्क्यांचे निघाले तर हा अख्खा टप्पा वगळला जातो. म्हणून १९८५ च्या वाणापेक्षा १९९१ च्या वाणाने केलेली सुधारणा माझ्या दृष्टीने मोठी आहे. ‘रसायनाकडून जिवाणूकडे’ ही पायरी तर १९८५ लाच ओलांडली गेली होती.

थंडाव्यामागे आणखी एक कारण आहे. ५० टक्क्यांच्या द्रावणासाठी लागणारे सगळे ॲक्रिलोनायट्राइल एकदम टाकले आणि थंडावा बंद पडला, तर तापमान १०० अंशांहून अधिक वाढेल इतकी उष्णता त्यात आहे. शिवाय ॲक्रिलोनायट्राइल एन्झाइमलाही मारते. म्हणून ते हळूहळू, अभिक्रियेच्या वेगाने सोडतात. येथे एन्झाइमची नाजूकता आणि प्लँटची सुरक्षितता एकच मागणी करतात, ही सोयीची गोष्ट आहे.

मात्र तुमच्या बाजूने एक मुद्दा मी वाढवतो. कच्चा माल असलेले ॲक्रिलोनायट्राइल प्रोपिलीन, अमोनिया आणि हवेपासून ४०० अंशांच्या वर, बिस्मथ-मोलिब्डेनमच्या उत्प्रेरकावर बनते आणि त्यात हायड्रोजन सायनाइड उपउत्पादन म्हणून निघतो. शेवटची पायरी हरित झाली म्हणून सगळी साखळी हरित झाली असे जाहिरातीतच म्हणता येते.

---

ऱ्हाइनकाठी

मी बाझेलजवळ औषधनिर्मितीच्या प्रक्रिया-संशोधनात आहे. दोन उदाहरणे जोडतो.

मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन हे औषध प्रथम ऱ्होडियमच्या उत्प्रेरकाने, सुमारे २५० पीएसआय दाबाखाली हायड्रोजनीकरण करून बनत असे. या धातूवर आधारित प्रक्रियेला २००६ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय हरित रसायन पुरस्कार मिळाला होता. नंतर मर्क आणि कोडेक्सिस यांनी ट्रान्सअमिनेज एन्झाइमवर आधारित मार्ग तयार केला आणि त्याच औषधासाठी २०१० मध्ये तोच पुरस्कार पुन्हा दिला गेला. मूळ एन्झाइमला हा मोठा रेणू घेताच येत नव्हता. अंतिम रूपात त्यात २७ बदल होते, लिटरमागे २०० ग्रॅम कच्चा माल ते हाताळत होते आणि चुकीचा प्रतिबिंब-रेणू मोजता येत नव्हता इतकी निवडकता त्यात आली होती. ऱ्होडियम काढण्याचा टप्पा गेला, प्रेशर रिॲक्टरही गेला.

आता आकडे पाहा. एकूण उत्पादनात १० ते १३ टक्के वाढ, कचऱ्यात १९ टक्के घट. हे आकडे उत्तम आहेत, पण वर्तमानपत्रात एन्झाइमविषयी ज्या सुरात लिहिले जाते त्या सुराला १९ टक्के पुरत नाहीत. कारण असे की तुलना एका चांगल्या, आधीच सुधारलेल्या धातुमार्गाशी होती. तुलना कोणाशी केली हे सांगितल्याशिवाय ‘हरित’ या विशेषणाला अर्थ नाही. शिवाय ही अभिक्रिया शुद्ध पाण्यात होत नाही; द्रावणाचा निम्मा भाग डायमिथाइल सल्फॉक्साइड या सेंद्रिय द्रावकाचा असतो, कारण कच्चा माल पाण्यात विरघळत नाही.

दुसरे उदाहरण निकोटिनअमाइडचे, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या एका रूपाचे. लोंझा कंपनीने चीनमधील ग्वांगझू येथे उभारलेल्या प्रक्रियेत पिकोलिनपासून सायनोपिरिडिन (हेही एक नायट्राइल) बनवण्यापर्यंतचे टप्पे घन उत्प्रेरकांवर, वायुरूपात आणि चढ्या तापमानाला होतात, आणि शेवटचा टप्पा याच धाग्यातल्या जे-१ वाणाकडे सोपवलेला आहे. अल्कली वापरून हाच टप्पा केला तर थोडे निकोटिनिक आम्लही तयार होते आणि ते वेगळे काढावे लागते. जिवाणू तिथेच थांबतो. धातू की जिवाणू असा वाद घालणाऱ्यांनी ही साखळी अवश्य पाहावी, कारण प्रत्येक टप्प्याला जो कामगार योग्य होता तो तिथे नेमला आहे.

---

पिंपरीचा_निवृत्त

पेनिसिलिनचा उल्लेख कसा आला नाही याचे आश्चर्य वाटले.

अर्धसंश्लेषित पेनिसिलिने बनवण्यासाठी ६-एपीए नावाचा गाभा लागतो. पेनिसिलिन-जीची बाजूची साखळी तोडायची, पण मधले चौकोनी बीटा-लॅक्टम कडे शाबूत ठेवायचे, अशी ती नाजूक शस्त्रक्रिया आहे. जुन्या रासायनिक मार्गात फॉस्फरस पेंटाक्लोराइड, डायक्लोरोमिथेन आणि उणे ४० अंश तापमान लागत असे. पेनिसिलिन ॲसायलेज हे एन्झाइम तेच काम पाण्यात, ३७ अंशांच्या आसपास करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या एन्झाइमच्या स्थिरीकरणावर, म्हणजे ते घन आधारावर बसवून पुन्हा पुन्हा वापरण्यावर, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या सहकार्याने काम झाले होते. तरुण संशोधकांना हा वारसा ठाऊक असावा.

मला त्या प्रक्रियेतली एक गोष्ट विशेष सुंदर वाटते. तोडलेली साखळी म्हणजे फेनिलॲसिटिक आम्ल, आणि पेनिसिलिनच्या किण्वनात बुरशीला तेच आम्ल द्यावे लागते. त्यामुळे ते परत काढून किण्वन टाकीत पाठवता येते. आम्ल तयार होताना पीएच खाली येतो आणि अभिक्रिया उलटी फिरू लागते, म्हणून सतत अल्कली सोडावी लागते. तेवढे क्षार मात्र चुकत नाहीत.

झिओलाइटचे, म्हणजे सूक्ष्म छिद्रे असलेल्या घन उत्प्रेरकाचे, कामही विसरू नये. त्याच प्रयोगशाळेत अल्कोहोल आणि बेन्झीनपासून इथिलबेन्झीन करण्याची ‘अल्बीन’ प्रक्रिया झिओलाइट उत्प्रेरकावर विकसित झाली आणि ती विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्समध्ये चालली. ॲल्युमिनियम क्लोराइडसारखा गंज आणणारा, पाण्यात विझवून टाकून द्यावा लागणारा पदार्थ त्यात नाही, आणि अल्कोहोल मळीपासून मिळते.

---

सूक्ष्म_शर्वरी

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक प्रश्न विचारत आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रातून रासायनिक अभियांत्रिकीकडे आले आहे आणि माझ्या पीएचडीसाठी सुचवलेला विषय ‘जिवाणूंनी बनवलेले पॅलेडियमचे नॅनोकण, उत्प्रेरक म्हणून’ असा आहे. शेवानेला किंवा डिसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू पॅलेडियमच्या क्षाराचे धातूत रूपांतर करतात आणि कण पेशीच्या भिंतीवर व तिच्या आतल्या बाजूला जमा होतात. वाचलेल्या बहुतेक निबंधांत याला हरित उत्प्रेरक म्हटले आहे. या धाग्यातील निकषांवर हा विषय टिकतो का? टिकत नसेल, तर विषय सोडावा की प्रश्न बदलावा? मार्गदर्शकांशी बोलण्यापूर्वी येथील अनुभवी मंडळींचे मत ऐकायला आवडेल.

---

मंद_आच

शर्वरी, विषय सोडू नका, प्रश्न बदला. थोडे सविस्तर लिहितो, कारण या क्षेत्रात शब्दांचा गैरवापर फार आहे.

पॅलेडियम खाणीतूनच येते. जिवाणू ते निर्माण करत नाही, फक्त पॅलेडियम क्लोराइडसारख्या क्षारापासून त्याचे क्षपण करतो, आणि त्यासाठीही त्याला हायड्रोजन किंवा फॉर्मेट द्यावे लागते. बाजारात मिळणारा कार्बनवरचा पॅलेडियम उत्प्रेरक बनवतानाही नेमके हेच करतात. त्यात तुम्ही जिवाणू वाढवण्याचे माध्यम, निर्जंतुकीकरणाची वाफ, सेंट्रिफ्यूज, धुण्याचे पाणी आणि वाळवण्याची ऊर्जा यांची भर घालता. तेव्हा ‘बनवण्याची पद्धत हरित आहे’ हा दावा आकड्यांत तपासला तर उलटाही पडू शकतो. वनस्पतींच्या पानांचा अर्क घालून चांदीचे नॅनोकण केल्याचे जे असंख्य निबंध निघतात त्यांनाही हेच लागू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून २००१ ते २००३ या काळात बुरशीने सोने आणि चांदीचे कण तयार करण्यावर जे काम आले, त्यात कण पेशीच्या आत की बाहेर, आणि कशामुळे, असा खरा प्रश्न होता. पुढच्या अनेकांनी प्रश्न सोडून दिला आणि कृती तेवढी उचलली.

या निबंधांतली चाचणीची अभिक्रियाही पाहा. बहुतेक ठिकाणी पिवळ्या ४-नायट्रोफेनॉलचे क्षपण असते, कारण पिवळा रंग जाताना वर्णपटमापीवर दिसतो आणि काम लवकर संपते. पण त्यात सोडियम बोरोहायड्राइड कितीतरी पट जास्त घातलेले असते. ज्या अभिक्रियेत एवढे बोरोहायड्राइड वाया जाते तिच्यावरून उत्प्रेरकाला हरित ठरवणे मला पटत नाही. तुम्ही हायड्रोजन वायू वापरा, लोटेकरांच्या प्लँटमधले एखादे नायट्रो संयुग घ्या आणि तितक्याच पॅलेडियमच्या वजनाच्या व्यापारी उत्प्रेरकाशी तुलना करा. अभिक्रिया निम्म्यावर आली की गरम असतानाच गाळून घ्या आणि गाळलेल्या द्रावणात ती पुढे चालते का ते पाहा. चालली, तर धातू द्रावणात उतरला आहे आणि काम कणांऐवजी तो करत आहे. पुनर्वापराच्या फेऱ्या दाखवताना शंभर टक्के रूपांतराचे आलेख देऊ नका, कारण गरजेपेक्षा जास्त उत्प्रेरक घातला असेल तर निम्मा मेला तरी रूपांतर शंभर टक्केच दिसते. सुरुवातीचा वेग मोजा. प्रथिनांतील गंधक पॅलेडियमला विषासारखे असते, त्यामुळे वेग कमी येण्याची तयारी ठेवा.

मग जिवाणूचा खरा फायदा कुठे? माझ्या मते विरल द्रावणातून धातू परत मिळवण्यात. वापरून झालेल्या उत्प्रेरकाच्या धुवणात किंवा धातुशुद्धीच्या सांडपाण्यात पॅलेडियम लिटरमागे काही मिलिग्रॅम इतकेच असेल, तर रासायनिक अवक्षेपणाने ते पकडणे अवघड जाते. पेशीच्या पृष्ठभागावर ते बसते आणि तिथेच धातू होते. परत मिळालेला धातू कमी प्रतीच्या पण उपयोगी उत्प्रेरकाचे काम करू शकत असेल, उदाहरणार्थ भूजलातील क्लोरिनयुक्त प्रदूषकांचे क्लोरीन काढण्याचे, तर शुद्धीकरण आणि उत्प्रेरकनिर्मिती हे दोन खर्च एकात येतात. तिथे तुमची तुलना शुद्ध पॅलेडियम क्लोराइडशी राहणार नाही, वाया जाणाऱ्या धातूशी राहील.

---

लोटेकर

प्लँटकडून एक भर. आम्ही वापरलेला पॅलेडियम-कार्बन ओला असतानाच ड्रममध्ये भरून रिफायनरला पाठवतो, कारण वाळला तर पेट घेतो. त्यातले पॅलेडियम परत मिळते आणि त्याचा हिशेब ग्रॅममध्ये ठेवतात. गळती होते ती गाळणात आणि मदर लिकरमध्ये (माल काढून घेतल्यावर उरलेल्या द्रावणात). शर्वरी यांनी खऱ्या मदर लिकरवर काम केले तर त्याचे मोल आहे, पण त्यात सॉल्व्हंट, अमाइन आणि क्षार असतात. स्वच्छ पाण्यात विरघळवलेल्या पॅलेडियमवर मिळालेले निकाल तिथे टिकतील असे गृहीत धरू नये.

---

ऱ्हाइनकाठी

अपयशांचाही उल्लेख व्हावा, कारण ती जास्त शिकवतात.

डिझेलमधले गंधक काढण्यासाठी ऱ्होडोकॉकसचाच एक भाऊबंद, आयजीटीएस-८ हा वाण, १९९० च्या दशकात फार गाजला. डायबेन्झोथायोफिन या डिझेलमधील गंधकयुक्त संयुगातून तो कार्बनचा सांगाडा न तोडता गंधक तेवढे काढतो, म्हणजे इंधनाचे उष्मांक वाचतात. रसायनाच्या दृष्टीने याहून नेटके काही सुचणे कठीण. पण या मार्गाला जिवंत पेशीतला सहघटक सतत लागतो, तेल आणि पाणी घुसळून इमल्शन करावे लागते, ते पुन्हा फोडावे लागते, आणि वेग रिफायनरीच्या गरजेपेक्षा फारच कमी पडतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग झाली, ती गाठली कोबाल्ट-मोलिब्डेनम आणि निकेल-मोलिब्डेनमच्या उत्प्रेरकांनी, चढ्या तापमानाला आणि मोठ्या दाबाखाली. मंद_आच यांच्या चार अटींपैकी एकही येथे पूर्ण होत नव्हती.

लॅक्टिक आम्ल हे मधले उदाहरण आहे. किण्वन उत्तम चालते, पण आम्ल वाढले की जिवाणू थांबतो, म्हणून चुना घालतात आणि शेवटी सल्फ्युरिक आम्लाने लॅक्टिक आम्ल मोकळे करतात. समीकरणाप्रमाणे एक टन मालामागे जवळजवळ एक टन जिप्सम निघते. जैवविघटनशील प्लास्टिकच्या मागे उभा असलेला हा ढीग छायाचित्रांत दिसत नाही. कमी पीएच सहन करणारे यीस्ट वापरून तो घटवण्याचे प्रयत्न त्यामुळेच महत्त्वाचे आहेत. तेथे संशोधनाने नेमका दुखरा भाग धरला आहे.

नायलॉनसाठी लागणाऱ्या ॲडिपिक आम्लाची गोष्ट वेगळ्या कारणाने अडली. नायट्रिक आम्लाच्या जुन्या मार्गातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू निघतो. १९९४ मध्ये ई. कोलायकडून ग्लुकोजपासून म्युकॉनिक आम्ल करून मग प्लॅटिनमवर हायड्रोजनीकरण करण्याचा मार्ग दाखवला गेला आणि १९९८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ नोयोरी यांच्या गटाने टंगस्टनचा उत्प्रेरक व हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून दुसरा. पण दरम्यान कारखान्यांनी चिमणीपाशीच नायट्रस ऑक्साइड नष्ट करणारी संयंत्रे बसवली, आणि नव्या मार्गांची निकड बरीचशी ओसरली.

---

सूक्ष्म_शर्वरी

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांची आभारी आहे. मार्गदर्शकांकडे दोन पर्याय नेणार आहे : मदर लिकरमधून पॅलेडियम परत मिळवणे, किंवा जे-१ सारख्या वाणाने एखाद्या नायट्राइलचे रूपांतर. दुसऱ्या पर्यायात प्रयोगशाळेच्या पातळीवर सुरुवात कोणत्या संयुगाने करावी?

---

मंद_आच

ॲक्रिलअमाइडने करू नका. ते चेताविषारी आहे, कर्करोगकारक असण्याची शक्यता मान्य झालेली आहे आणि तुमच्या विभागातला फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर खेचणारे कपाट) कसा आहे हे मला ठाऊक नाही. ३-सायनोपिरिडिन घ्या. ते हाताळायला सोपे आहे, निकोटिनअमाइड एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर) स्वच्छ मोजता येते, आणि जुन्या जपानी प्रयोगांत लिटरमागे १,४०० ग्रॅमांहून अधिक निकोटिनअमाइड मिळाल्याची नोंद आहे, कारण तीव्रता वाढली की ते स्फटिक होऊन आपोआप बाहेर पडते. वाण सूक्ष्मजीव-संग्रहातून मागवा, वाढवताना माध्यमात कोबाल्ट क्लोराइड आणि युरिया विसरू नका, आणि पहिल्या दिवसापासून वहीत प्रत्येक ग्रॅम मालामागे किती ग्रॅम कोरड्या पेशी खर्ची पडल्या आणि किती पाणी बाहेर गेले याचे दोन रकाने ठेवा. पॅलेडियमचा पर्याय निवडलात, तर मदर लिकरचा नमुना लोटेकरांकडे मागून पाहा. गोपनीयतेचा करार लागेल, आणि त्याला प्रयोगांपेक्षा जास्त वेळ लागतो.